मूळ इंजिन की बसवलेलं? जुन्या गाडीचं इंजिन ओळखायचं कसं

माळावरचा

नमस्कार मंडळी,

मिरजेजवळ आमच्या आजोळी १९४८ ची प्लिमथ शेडमध्ये उभी आहे. मामांनी ती आता माझ्या हवाली केली. चालू करायची आहे, आणि जमलं तर व्हिंटेज नोंदणीही करून घ्यायची आहे. बॉडी बरी आहे. खालचा पत्रा दोन ठिकाणी गंजाने खाल्लाय, सीटचं कापड गेलंय, ते सगळं होईल. अडलंय ते इंजिनापाशी.

आरसी बुकात इंजिन नंबर 'पी१५' ने सुरू होतो, मधे आकडे आणि शेवटी 'सी'. इंजिनावर मात्र 'टी२१४' आणि पुढे वेगळेच आकडे. एक मिस्त्री म्हणाले, इंजिन डॉजचं. दुसरे म्हणाले, लॉरीचं. तिसऱ्यांच्या मते सहा सिलिंडरची ही सगळी इंजिनं सारखीच, नंबराकडे बघू नका, रिंगा टाका आणि चालवा. मामांना एवढंच आठवतं की आजोबांनी कधीतरी 'कोल्हापुरास नेऊन इंजिन बांधून आणलं' होतं.

गॅस्केटचा संच बाहेरून मागवावा लागणार असं दिसतंय. त्याआधी समोर नक्की काय आहे ते कळायला हवं. जाणकारांनी मदत करावी.

पाना अकरा

माळावरचा, गॅस्केट मागवण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत. या इंजिनांत पैसे जातात ते तिथेच.

आधी नंबर नीट वाचा. सीटवर बसून समोर पाहिलं तर डाव्या हाताला, ब्लॉकच्या पुढच्या टोकाशी, हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) लगेच खाली आणि डायनामोच्या वर एक सपाट जागा असते. नंबर तिथे पंच केलेला असतो. घासलेट आणि जुना टूथब्रश, फार तर पितळी तारेचा ब्रश, एवढंच वापरा. ग्राइंडर किंवा एमरी त्या जागेच्या जवळ येऊ देऊ नका. मिस्त्री मंडळी कामाच्या घाईत असतात, म्हणून ती साफसफाई होताना स्वतः समोर उभे राहा. जागा कोरडी झाली की वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, आरटीओत चेसिसचा ठसा घेतात तशी. फोटोत हरवलेला आकडा ठशात उमटतो.

सुरुवातीची अक्षरं म्हणजे क्रायस्लर कंपनीच्या मॉडेलची खूण. पी म्हणजे प्लिमथ, डी म्हणजे डॉज, एस डीसोटो, सी क्रायस्लर, टी ट्रक. युद्धानंतरच्या १९४६ ते ४८ मधल्या प्लिमथला पी१५, त्याच काळातल्या डॉजला डी२४. टी२१४ ही दुसऱ्या महायुद्धातली डॉजची पाऊण टनी लष्करी गाडी, वेपन कॅरियर म्हणतात ती. युद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराचा पुष्कळ माल हिंदुस्थानातच विकला गेला. तुमचं इंजिन त्यातलं असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणजे लॉरीचं म्हणणारे मिस्त्री बरोबर आणि डॉजचं म्हणणारेही बरोबर. तिसऱ्यांचं मात्र ऐकू नका.

आरसीतल्या 'सी' चं वेगळं आहे. हे अक्षर सुरुवातीला आलं तर क्रायस्लर, शेवटी आलं तर कॅनडा. त्या काळी राष्ट्रकुल देशांकडे जाणाऱ्या उजव्या स्टिअरिंगच्या बऱ्याच गाड्या कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून निघत. आणि गोम इथेच आहे. अमेरिकन प्लिमथच्या इंजिनाचं हेड २३ इंच लांब, कॅनेडियन प्लिमथचं २५ इंच. दोन्ही इंजिनं कागदावर २१८ घनइंचांचीच! अमेरिकन इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) सव्वातीन इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ४ इंच ३ सूत, म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश, त्याचे होतात २१७.८. कॅनेडियनचा बोअर ३ इंच ३ सूत आणि स्ट्रोक ४ इंच अर्धा सूत, त्याचेही २१८.०६. नुसतं '१९४८ प्लिमथ, २१८' असं लिहून हेड गॅस्केट मागवलं तर दोन इंच लांब किंवा दोन इंच आखूड यायची धास्ती कायम.

म्हणून टेप घ्या आणि हेड या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं माप स्ट्रोकचं, आणि त्यासाठी हेड उघडायची गरज नाही. सगळ्यात मागच्या, म्हणजे सहाव्या सिलिंडरवर स्पार्क प्लगखेरीज आणखी एक लहान प्लग दिसेल, पाइपला असतो तसा. टायमिंग लावताना पिस्टन वर आला की नाही हे बघायला तो ठेवलेला आहे. तो काढून ताठ लांब तार आत सोडा, पिस्टनवर टेकू द्या, आणि हँडलने इंजिन अगदी हळू फिरवा. तार सर्वात वर आली की हेडच्या पातळीला तारेवर खूण, सर्वात खाली गेली की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. ४ इंच ३ सूत आलं तर क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरता दांडा) २१८ चा, ४ इंच ५ सूत आलं तर २३० चा.

इंजिन जाम असेल तर हँडलवर जोर करू नका. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडून भरपूर मुरू द्या. हँडल वाकलं तर मिळेल, रॉड वाकला तर शोधत बसाल.

माळावरचा

काका, खूप खूप आभार. इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं.

इंजिन सुदैवाने फिरतंय. हेड २३ इंचांच्या किंचित वर भरलं. स्ट्रोक दोनदा मोजला, दोन्ही वेळा ४ इंच ५ सूत. तो लहान प्लग काढायला मात्र वेळ लागला. रंगाचे थर इतके होते की तिथे प्लग आहे हेच दिसत नव्हतं.

तुम्ही लांबीचं लिहिलंत म्हणून पुढूनही पाहिलं. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये माझा हात सहज जातो, इतकी जागा आहे. आणि पुढच्या क्रॉसमेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर) इंजिनाच्या फाउंडेशनची, म्हणजे इंजिन टेकतं त्या आधाराची, मूळ भोकं रिकामी आहेत. त्यांच्या मागे जाड पट्टीचा तुकडा वेल्ड करून त्यावर फाउंडेशन बसवलंय. वेल्डिंग जुनं आणि सुबक आहे.

पाना अकरा

मग कोडं सुटलं. गाडी कॅनेडियन, मूळ इंजिन २५ इंची. ते गेल्यावर लष्करी डॉजचं २३० घनइंची बसवलं. मागे बेल हाउसिंग (क्लचवरचं कवच) जिथल्या तिथे राहतं, त्यामुळे इंजिनाचं पुढचं टोक दोन इंच मागे आलं आणि ती पट्टी लावावी लागली. आरसी लिहिणाऱ्याने नंबर चोख उतरवला होता, शेवटच्या 'सी' सकट. इंजिन बदलल्याची नोंद मात्र कोणी केली नाही.

तुमच्या आजोबांनी ज्यांच्याकडे काम दिलं तो माणूस हुशार होता. कामचलाऊ जोडणाऱ्याने रेडिएटर मागे ओढला असता.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत प्लिमथवाले मुद्दाम २३० शोधून बसवतात, कारण बाहेरून ब्लॉक तेवढाच आणि ताकद जास्त. तुमच्याकडे ते आपसूक आलंय.

एक गोष्ट क्लच उघडाल तेव्हा बघा. क्रँकच्या मागच्या फ्लँजला फ्लायव्हीलचे बोल्ट ४ आहेत की ८? प्लिमथच्या साध्या क्लचला ४ असतात. फ्लुइड ड्राइव्हवाल्या (तेलाच्या जोडणीतून ताकद पुढे देणाऱ्या) डॉजच्या क्रँकला ८. एखाद्या 'बांधून आणलेल्या' इंजिनात ब्लॉक एका गाडीचा आणि क्रँक दुसऱ्या गाडीचा असणं अगदी नेहमीचं आहे.

ब्लॉकच्या अंगावर ओतकामाची तारीखही उठावात असते. ती आधी महिना, मग दिवस, मग वर्ष अशी वाचायची. गाडी तयार झाल्याच्या नंतरची तारीख ब्लॉकवर असेल तर इंजिन बदललेलंच, मग कागद काहीही म्हणोत. आधीची असेल तर मात्र नुसत्या तारखेवरून मूळ म्हणता येत नाही. तुमचा टी२१४ युद्धकाळातला, म्हणजे गाडीपेक्षा जुनाच निघणार.

गॅस्केट २३ इंची मागवा. टी२१४ लिहिलंत तरी चालेल, त्या लष्करी गाड्यांचं सामान इथे अजून मिळतं.

सदाफुली

धागा वाचून आमच्या जीपबद्दल विचारावंसं वाटलं. बाबांची जीप नाशिकला आहे. सगळे तिला 'विलीज' म्हणतात. आरसीत इंधन पेट्रोल, पण गाडी मला आठवतं तेव्हापासून डिझेलवर चालते. बॉनेट उंच आहे. ही विलीज म्हणायची की महिंद्रा?

घाटरस्ता

सदाफुलीताई, उंच बॉनेट म्हणजे बहुधा सीजे-३बी हे विलीजचं मॉडेल. महिंद्राने मुंबईत १९४९ पासून विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, आणि पुढे आपल्याकडे ३बी वर्षानुवर्षं बनत राहिली. त्यामुळे विलीज आणि महिंद्रा ही दोन्ही नावं एकाच जीपला लागू पडू शकतात.

बॉनेट उंच का, ते इंजिनात आहे. युद्धातल्या जीपचं इंजिन १३४ घनइंची, दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये, वर नुसतं चपटं हेड. त्याच ब्लॉकवरून पुढे जे इंजिन निघालं त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्ट खाली राहिले. उंची वाढली, म्हणून ३बीचं बॉनेट वर चढलं. बॉनेट उघडल्यावर वर टॅपेट कव्हर दिसलं तर नवं, सपाट हेड दिसलं तर जुनं. नंबराच्या सुरुवातीला एमबी असेल तर विलीजची लष्करी जीप, जीपीडब्ल्यू असेल तर फोर्डने बनवलेली, नुसता जे असेल तर युद्धानंतरची सीजे-२ए, ४जे असेल तर ३बी. जुन्या सपाट हेडच्या ब्लॉकवर ओतकामाचा क्रमांकही बघावा. ६३८६३२ हा युद्धकाळातला, टायमिंग चेनवाला. ६४१०८७ हा नंतरचा, गिअरवाला. लष्करी जीप म्हणून विकायला काढलेल्या गाडीत दुसरा ब्लॉक निघाला तर किंमत ठरवताना ते धरावं.

पण तुमची डिझेल. आपल्या भागात पेट्रोल जीपमध्ये सर्रास बसवलं गेलेलं डिझेल इंजिन म्हणजे प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, जे महिंद्राने परवाना घेऊन इगतपुरीला बनवलं. नावातच माप आहे: ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. स्ट्रोक ८३ मिलिमीटर, एकूण २११२ सीसी. इंजिन तेच निघालं तर ते कारखान्यातून आलेलं नाही. तुमच्या जीपमध्ये मुळात पेट्रोल होतं, हे तुमची आरसीच सांगते.

सदाफुली

नावातच बोअर, हे माहीत नव्हतं! उद्याच भावाला सांगते बघायला. आरसीत इंधन बदलून घ्यायला हवं ना?

घाटरस्ता

हो, आणि लवकर. इंजिनातला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, त्याची नोंद आरसीत हवीच. आता बसलेलं इंजिन कुठून घेतलं त्याची पावती घरात जुन्या कागदांत आहे का ते आधी शोधा. अपघात झाला आणि कागदावर पेट्रोल, टाकीत डिझेल असं निघालं तर विम्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

सोनचाफा

माळावरचा, मूळ विषयाकडे येते. माझं मत थोडं कडक आहे. व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर ते लष्करी इंजिन काढा आणि २५ इंची कॅनेडियन इंजिन शोधा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने आणलेल्या नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी 'मूळ स्वरूपात' हवी असं म्हटलंय. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तुमच्या गाडीत इंजिनही बदललंय आणि क्रॉसमेंबरवर वेल्डिंगही आहे.

आणि नियम बाजूला ठेवला तरी, प्लिमथ म्हणून जपायची तर ती प्लिमथ असावी. रॅलीत चकाकणाऱ्या कित्येक गाड्यांच्या बॉनेटखाली जीपचं नाहीतर मॅटाडोरचं डिझेल इंजिन असतं, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं. बाहेरून १९४०, आतून १९९०. पुढच्या पिढीला त्या गाडीचा आवाजही खरा ऐकू येणार नाही.

पाना अकरा

सोनचाफाताई, डिझेलच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे. पण इथे तसं नाही. त्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं, गाडीपेक्षाही जुनं इंजिन आहे. सुटे भाग मिळत नव्हते त्या काळात आपल्याकडे गाड्या अशाच जगल्या. ती पट्टी, ते सुबक वेल्डिंग, हा कोल्हापूरच्या कुणा कारागिराचा हात आहे. तो पुसून टाकायला माझं मन होत नाही.

कॅनेडियन इंजिन जरूर शोधावं, मिळालं तर उत्तमच. पण ते मिळालं तरी नंबर आरसीशी जुळणार नाहीच! मूळ ब्लॉक केव्हाच भंगारात गेला असणार. मग पुढचा सल्ला कोणीतरी देईलच, म्हणून आधीच कळकळीने सांगतो: जुना नंबर घासून आरसीतला नंबर पंच करायचा विचार मनातही आणू नका. तो गुन्हा आहे. आणि तो लपतही नाही. कारखान्यातून आलेल्या सपाट जागेवर मशिनिंगच्या बारीक समांतर रेघा असतात, घासल्यावर त्या जातात. हाताने मारलेले आकडे एका ओळीत बसत नाहीत, एक खोल, एक उथळ. गाडी बघायला आलो की मी बॅटरी तिरकी धरून सर्वात आधी त्या रेघाच शोधतो.

शिवडी नाका

शेवरलेवाल्यांसाठी थोडंसं. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता, त्यामुळे आपल्याकडे जुन्या शेवरले बऱ्याच.

सहा सिलिंडरच्या इंजिनात २१६ आणि नंतरचं २३५ हा घोळ कायम असतो. टॅपेट कव्हर मधोमध दोन नटांवर बसलेलं असेल तर २१६, नाहीतर १९५४ च्या आधीचं २३५. कडेने चार स्क्रू असतील तर १९५४ पासूनचं २३५. फरक महत्त्वाचा, कारण २१६ च्या रॉडांना बेअरिंग म्हणून ओतलेलं व्हाइट मेटल (मऊ धातू) असतं आणि तेल पळ्यांनी उडून पोचतं. नंतरच्या २३५ ला तेलाचा पुरा दाब आणि सुटे बेअरिंग शेल. २१६ ला २३५ समजून हायवेवर दामटलं तर रॉडचा आवाज यायला वेळ लागत नाही.

ओतकामाची तारीख शेवरलेत अक्षराने सुरू होते. ए म्हणजे जानेवारी, तिथून एल म्हणजे डिसेंबर. 'डी १४ ७' असं दिसलं आणि गाडी चाळिशीतली असली तर १४ एप्रिल १९४७.

आणि फोर्ड व्ही-८ वाल्यांनी तर आधीच सावध राहावं. १९३२ ते ४८ च्या व्ही-८ मध्ये कारखाना ब्लॉकवर नंबर मारतच नव्हता. नंबर असायचा क्लच हाउसिंगवर आणि तोच चेसिसवर. आरसीत 'इंजिन नंबर' म्हणून जो लिहिलाय तो गिअरबॉक्सबरोबर फिरतो. गिअरबॉक्स बदलला की नंबर 'चुकतो', मूळ इंजिन तसंच असलं तरी.

रविवारची_फिएट

फिएट किंवा अँबेसेडरमध्ये हे इतकं अवघड नसतं ना? आमची १९७२ ची फिएट आता ५० च्या पुढे गेली.

शिवडी नाका

तुलनेने सोपं. कुर्ल्याच्या फिएटचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, शेवटपर्यंत तेच राहिलं. इटलीत ११००डी ला १२२१ सीसी आलं होतं. बोअर ७२, स्ट्रोक तोच. म्हणून परदेशी पुस्तक बघून पिस्टन मागवू नका. नंबर आरसीशी जुळला आणि बोअर मोजून ६८ च्या आसपास, फार तर ओव्हरसाइज निघाला की झालं.

अँबेसेडरमध्ये बघायचं ते इसुझू. १४८९ सीसीचं जुनं इंजिन पुशरॉडवालं, इसुझूचं १८१७ सीसी वर कॅमशाफ्ट असलेलं, आणि ते अँबेसेडरमध्ये नव्वदीत आलं. पाच गिअर इसुझूबरोबरच आले, म्हणून १९६० च्या गाडीत पाच गिअर लागले तर लगेच बॉनेट उघडा.

घाटरस्ता

व्हिंटेज नोंदणीचं कुणीतरी विचारणारच, म्हणून इथेच लिहितो. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर पुन्हा करताना ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. पण रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. मामांना घेऊन दर रविवारी नरसोबाच्या वाडीला जायचं मनात असेल तर आधी विचार करा.

माझं मत: माळावरचा यांनी आधी कलम ५२ खाली टी२१४ ची नोंद आरसीत करून घ्यावी. मापं, ठसे, पट्टीचे फोटो, सगळं अर्जाला जोडावं. व्हिंटेजचा निर्णय तपासणी करणारे घेतील. त्यांच्यापुढे खरी हकीकत कागदासकट गेलेली बरी.

सोनचाफा

नोंद आधी करावी हे पटलं. लष्करी इंजिनाबद्दलचं माझं मत कायम आहे. २५ इंची ब्लॉक कुठे दिसला तर मात्र कळवीन, माळावरचा. बेळगावकडे एका जुन्या डीसोटोचं इंजिन पडून आहे असं ऐकलंय. डीसोटोला सहसा २५ इंची असतं, तरी मोजून बघा, आणि ते पी१५ चं नाही हे लक्षात ठेवा.

माळावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं: इंजिन हेच ठेवणार, नोंद करून घेणार. पट्टी तशीच राहील. मामांना पट्टीचा फोटो दाखवला तेव्हा त्यांना आठवलं की इंजिन आणताना त्याला हिरवा रंग होता आणि आजोबांनी तो घरी खरवडला होता. ब्लॉकच्या मागच्या खोबणीत तो रंग अजून आहे!

आता चालू करण्याआधी आणखी काही बघायचं का?

पाना अकरा

लष्करी हिरवा रंग! त्याचा फोटो काढून ठेवा, नोंदीच्या अर्जाला तोही जोडा.

चालू करण्याआधी वॉटर पंप काढा. त्याच्या मागे ब्लॉकमध्ये एक लांब पत्र्याची नळी आडवी घुसलेली असते, पुढून थेट शेवटच्या सिलिंडरपर्यंत. थंड पाणी व्हॉल्व्हपाशी पोचवायचं काम तिचं. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीत ती गंजून चाळण झालेली असते. मग पाणी पुढेच फिरतं, मागचे सिलिंडर तापतात, आणि तापमानाचा काटा मात्र सगळं ठीक दाखवू शकतो. हुक घालून हळूहळू ओढा. तुटली तर तुकडे आत राहू देऊ नका. नवी घेताना २३ इंची इंजिनाची म्हणून सांगा, २५ ची लांब पडेल.

आणि रेडिएटर पंख्यापासून दोन इंच जास्त लांब आहे, तेव्हा पंख्याभोवती पत्र्याचं कडं करून घ्या. वेल्ड करू नका, बोल्टवर बसवा.

माळावरचा

पंप या आठवड्यात काढतो. नळी निघाली की मोजून इथे लांबी टाकतो.